बार्कलीला जाऊ देणं ही चूक होती का? जायंट्सच्या ऑफ-सीझनचा हिशोब

प्रश्न असा आहे: एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या न्यूयॉर्क जायंट्सने मार्च २०२४ मध्ये रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) सॅक्वॉन बार्कलीला टॅग, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला ठरलेल्या रकमेत एक वर्ष अडवून ठेवायची सोय, न लावता मोकळं सोडलं. तो थेट फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला, तिथे २,००५ यार्ड धावला आणि पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. ही घोडचूक नव्हती का? आणि दर मार्चमध्ये असे निर्णय झाले की आपण चाहत्यांनी नेमकं काय बघून मत बनवायचं?

माझ्या मते त्या दिवशी हातात असलेल्या पर्यायांत बार्कलीला सोडणं समर्थनीय होतं. चूक त्याच्या वर्षभर आधी झाली होती. शिवाय ज्या आठवड्यात बार्कली गेला त्याच आठवड्यात सेफ्टी (बचावाच्या मागच्या फळीतला खेळाडू) झेवियर मॅकिनीही गेला. तो निर्णय जास्त वाईट होता, पण त्याच्यावर कोणी फारसं बोलत नाही. ऑफ-सीझनला जी बातमी येते तिचं मूळ बहुतेक वेळा एक-दोन वर्षांपूर्वीच्या करारात असतं. म्हणून आजच्या बातमीवर मत देण्याआधी दोन मार्च मागे जायचं.

इथेही मागेच जाऊ. जानेवारी २०२२ मध्ये जो शेन जनरल मॅनेजर झाला. त्या वसंतात त्याच्यासमोर पहिला मोठा प्रश्न होता क्वार्टरबॅक (हल्ला चालवणारा, चेंडू फेकणारा) डॅनियल जोन्सच्या पाचव्या वर्षाच्या ऑप्शनचा. ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचवं वर्ष घ्यायचं की नाही हे संघाला तिसऱ्या हंगामानंतर, मेच्या सुरुवातीपर्यंत ठरवावं लागतं. सध्याच्या श्रम करारानुसार ऑप्शन घेतला की ती रक्कम पूर्ण गॅरंटीड होते. जोन्सच्या बाबतीत ती २०२३ साठी सुमारे २ कोटी २४ लाख डॉलर होती. २०२१ मध्ये मानेच्या दुखापतीने त्याचा हंगाम अर्धवट राहिला होता, त्यामुळे नव्या व्यवस्थापनाने ऑप्शन नाकारला. त्या क्षणी ते समजण्यासारखं होतं.

मग २०२२ चा हंगाम आला. जोन्सने फक्त ५ इंटरसेप्शन (फेकलेला चेंडू विरोधकाच्या हाती जाणं) दिले, बार्कली १,३१२ यार्ड धावला, संघ ९-७-१ वर आला आणि प्लेऑफमध्ये मिनेसोटाला ३१-२४ ने हरवलं. आता दोघांचेही करार एकाच वेळी संपत होते आणि टॅग एकच. फ्रँचाइझ टॅग एका संघाला वर्षात एकाच खेळाडूवर वापरता येतो. ७ मार्च २०२३ ला दुपारी चारची मुदत होती. त्याच्या काही मिनिटं आधी जोन्सचा ४ वर्षांचा, १६ कोटी डॉलरचा करार झाला आणि टॅग बार्कलीवर गेला, सुमारे १ कोटी १ लाखाचा.

माझा आक्षेप याच दिवसावर आहे. क्वार्टरबॅकचा टॅग त्या वर्षी ३ कोटी २४ लाखांचा होता. महाग खरा, पण तो एका वर्षाचा असतो. एका बऱ्या हंगामाच्या जोरावर, आधी ज्याचं पाचवं वर्षसुद्धा नाकारलं त्याला, प्रत्यक्षात दोन वर्षांचे जवळपास ८ कोटी २० लाख दिले गेले. जोन्सला टॅग लावला असता तर नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचा गुडघा गेल्यावर संघ मोकळा राहिला असता. त्या मार्चमध्ये बार्कलीला मात्र टॅगविना, लांबचा करार करूनच ठेवावं लागलं असतं. तो रनिंग बॅक बाजाराच्या हिशोबाने महाग पडला असता, हे खरं. तरी क्वार्टरबॅकवरच्या चुकीपेक्षा रनिंग बॅकवरची चूक कितीतरी स्वस्त पडते.

आता जोन्सच्या करारातले आकडे बघा, कारण कॅप (संघाच्या एकूण पगारांवरची वार्षिक मर्यादा) कसा चालतो ते त्यातून नीट दिसतं. साइनिंग बोनस होता ३ कोटी ६० लाख. हा पैसा खेळाडूला लवकर मिळतो, पण कॅपच्या वहीत तो कराराच्या वर्षांत सारखा वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांत. इथे चार वर्षं, म्हणजे वर्षाला ९० लाख. सप्टेंबर २०२३ मध्ये हंगामाच्या तोंडावर कॅपमध्ये जागा हवी होती म्हणून जोन्सच्या पगारातले सुमारे ८४ लाख बोनसमध्ये बदलले. त्यालाच रिस्ट्रक्चर म्हणतात. २०२३ सकट चार वर्षांवर वाटल्यावर वर्षाला २१ लाख झाले. त्या वर्षी ६३ लाखांची जागा झाली आणि पुढच्या तिन्ही वर्षांच्या डोक्यावर २१-२१ लाख बसले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जोन्सला सोडलं. २०२५ चे २ कोटी ३० लाख डॉलर दुखापतीच्या गॅरंटीखाली होते, त्यामुळे आधी त्याला बसवलं आणि मग सोडलं. खेळाडू गेला की न वाटलेला सगळा बोनस एकत्र येऊन कॅपवर आदळतो. त्याला डेड मनी म्हणतात. २०२५ आणि २०२६ चे ९० लाखांचे दोन हप्ते म्हणजे १ कोटी ८० लाख, अधिक रिस्ट्रक्चरचे ४२ लाख, म्हणजे २०२५ च्या कॅपवर २ कोटी २२ लाख. बाहेर पडायची वाट मुळात १ कोटी ८० लाखांची होती, ती सप्टेंबरातल्या एका छोट्या कागदाने महाग केली. म्हणून 'रिस्ट्रक्चर करून जागा केली' अशी बातमी वाचली की लगेच खूश होऊ नका. ज्याचा करार बदलला तो खेळाडू दोन वर्षांनी हवाच आहे का, एवढं बघा. हवा असेल, म्हणजे तरुण लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकचा रक्षक) किंवा खात्रीचा क्वार्टरबॅक असेल, तर रिस्ट्रक्चर जवळजवळ फुकट आहे, कारण कॅप वाढतो: २०२३ मध्ये २२ कोटी ४८ लाख, २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. एक कोटीचा डेड मनी २०२३ मध्ये कॅपच्या ४.४ टक्के होता, २०२५ मध्ये ३.६ टक्के. पण खेळाडूवर शंका असेल तर रिस्ट्रक्चर म्हणजे त्याला सोडायची किंमत स्वतःच वाढवणं. आणि कॅप दर वर्षी वाढतोच असंही नाही. २०२० मध्ये तो १९ कोटी ८२ लाख होता, महामारीनंतर २०२१ मध्ये १८ कोटी २५ लाखांवर उतरला, तेव्हा पुढच्या वर्षांवर बोजा ढकललेल्या संघांचे हाल झाले.

सोडण्याची तारीखही महत्त्वाची असते. १ जूनच्या आधी सोडलं की उरलेला सगळा बोनस चालू वर्षात येतो. नंतर सोडलं तर चालू वर्षाचा हप्ता चालू वर्षात आणि बाकीचा पुढच्या वर्षात जातो. मार्चमध्येच सोडून 'जूननंतर' अशी खूण करण्याची सोय वर्षाला दोन खेळाडूंपुरती आहे, पण मोकळा होणारा पैसा प्रत्यक्ष जूननंतरच वापरता येतो. तेव्हा फ्री एजन्सीचा, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा, बाजार उठलेला असतो. चाहत्यांची इथे नेहमी फसगत होते. 'अमुक कोटी वाचले, आता तमुक घ्या' असं मार्चमध्ये म्हणतात, आणि ते कोटी मार्चमध्ये खिशात नसतात. ट्रेडला ही खुणेची सोय नाही, तो खरोखर जूननंतरच करावा लागतो.

बार्कलीकडे परत येऊ. मार्च २०२४ मध्ये शेनच्या हातात काय होतं? २०२३ चा हंगाम ६-११. ऑफेन्सिव्ह लाइनने (हल्ल्यातल्या पुढच्या रक्षकांच्या फळीने) ८५ सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणं) होऊ दिले होते. जोन्सचा २०२४ चा कॅप आकडा सुमारे ४ कोटी ७९ लाख, म्हणजे एकूण कॅपच्या जवळपास १९ टक्के, आणि तो खेळाडू गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता. बार्कली २७ वर्षांचा, आधीच्या वर्षी १४ सामने, ९६२ यार्ड. दुसऱ्यांदा टॅग लावला की आधीच्या रकमेच्या १२० टक्के द्यावे लागतात, म्हणजे १ कोटी २१ लाख. टॅगची सगळी रक्कम एकाच वर्षाच्या कॅपवर येते, तिचे हप्ते पाडता येत नाहीत. ज्याच्यापुढे लाइन नाही अशा रनिंग बॅकवर, हरणाऱ्या संघाने, आणखी एका वर्षासाठी १ कोटी २१ लाख अडकवायचे, आणि तेही ज्या खेळाडूला टॅगचा आधीच राग आहे त्याच्यावर. मीही तो लावला नसता.

त्याची खरी किंमत मिळण्याची वेळ ऑक्टोबर २०२३ ची ट्रेडची मुदत होती. तेव्हा संघ २-६ होता. लिओनार्ड विल्यम्सला सिअॅटलकडे देताना त्याच्या उरलेल्या पगाराचा मोठा भाग स्वतः उचलून जायंट्सने ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीचा पिक (निवडीचा हक्क) मिळवला. हा फार चांगला व्यवहार होता. पगार स्वतः उचलणं म्हणजे पैसे देऊन पिक विकत घेणं, आणि मुदतीच्या तोंडावर बुडत्या संघाकडे तेवढंच शहाणपण उरलेलं असतं. तेव्हाच बार्कलीही विकायला हवा होता.

ईगल्सने काय केलं ते बघितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. ३ वर्षं, ३ कोटी ७७ लाख ५० हजार, त्यातले २ कोटी ६० लाख गॅरंटीड. पण २०२४ च्या कॅपवर त्याचा आकडा ४० लाखांच्या आत होता. ईगल्सचा जनरल मॅनेजर हाऊई रोझमन याची ही नेहमीची पद्धत आहे. मूळ पगार किमान ठेवायचा, बाकी बोनसमध्ये टाकायचा, आणि करारामागे खोटी वर्षं जोडायची, ज्यांना व्हॉइड इअर म्हणतात. या वर्षांत खेळाडू खेळत नाही, ती फक्त हप्ते पाडायला असतात. समजा एका वर्षाचे १ कोटी द्यायचेत. साडेबारा लाख पगार ठेवला, साडेसत्त्याऐंशी लाख बोनस केला आणि मागे चार व्हॉइड वर्षं लावली, तर हप्ता साडेसतरा लाखांचा पडतो. यंदाच्या कॅपवर ३० लाख, आणि करार संपताच पुढच्या मार्चमध्ये ७० लाख डेड मनी. टॅम्पा बेने टॉम ब्रेडीसाठी हेच केलं होतं, तो निवृत्त झाल्यावर २०२३ च्या कॅपवर एकट्या त्याचे ३ कोटी ५१ लाख होते. जिंकणाऱ्या संघाला हे परवडतं. ६-११ वाल्या संघाने असलं कर्ज काढू नये.

आणि मैदानावरचा फरक. बार्कलीपुढे जॉर्डन मायलाटा, लँडन डिकरसन, कॅम जर्गन्स, मेकाय बेक्टन, लेन जॉन्सन ही लाइन होती आणि शेजारी स्वतः धावणारा जेलन हर्ट्स, ज्याच्यासाठी बचावातला एक माणूस कायम अडकून राहतो. त्याच मार्चमध्ये डेरिक हेन्री तिशीत बाल्टिमोरला गेला आणि १,९२१ यार्ड धावला. जोश जेकब्स रेडर्सकडून ग्रीन बेला गेला आणि त्याचंही वर्ष छान गेलं. तिघेही चांगल्या लाइनमागे गेले. '२,००५ यार्ड आपल्याकडे झाले असते' हे म्हणणं म्हणूनच पटत नाही. जायंट्सने पाचव्या फेरीतून घेतलेला टायरोन ट्रेसी ज्युनिअर त्या मोडक्या लाइनमागे ८३९ यार्ड धावला, एवढं त्या जागेचं मोल होतं. विभागातल्या प्रतिस्पर्ध्याच्या जर्सीत आपला माणूस बघणं जिव्हारी लागतं, त्याबद्दल वादच नाही. पण ३-१४ चा हंगाम बार्कली असता तर फार तर दोन विजयांनी सुधारला असता आणि ड्राफ्टमधली जागा खाली गेली असती.

आता मॅकिनी. वय २४. २०२३ मध्ये बचावाच्या प्रत्येक स्नॅपला (प्रत्येक चालीला) मैदानावर. सेफ्टी हे स्थान रनिंग बॅकसारखं सत्ताविशीत उताराला लागत नाही. ग्रीन बेने त्याला ४ वर्षांचे ६ कोटी ७० लाख दिले आणि पहिल्याच हंगामात त्याने ८ इंटरसेप्शन घेतले. जायंट्सकडे टॅग रिकामा पडलेला होता. सेफ्टीचा टॅग १ कोटी ७१ लाखांचा, म्हणजे ग्रीन बेने दिलेल्या वार्षिक सरासरीच्या जवळपास तेवढाच. टॅग लावून जुलैच्या मध्यापर्यंत बोलणी करता आली असती, नाहीतर टॅगसकट विकता आलं असतं. कॅन्सस सिटीने त्याच वसंतात लजेरिअस स्नीडच्या बाबतीत हेच केलं आणि टेनेसीकडून २०२५ चा तिसऱ्या फेरीचा पिक घेतला. तो ६६ वा निघाला.

जायंट्सला मॅकिनीच्या बदल्यात मिळाला भरपाईचा पिक, तोही तिसऱ्या फेरीच्या शेवटचा, ९९ वा. भरपाईचं सूत्र समजून घ्या, कारण 'त्याला फुकट सोडलं' ही ओरड अर्धी चुकीची असते. करार संपून गेलेला खेळाडू दुसरीकडे मोठा करार करतो, तेव्हा आधीच्या संघाला पुढच्या वर्षी तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी पिक मिळू शकतो, एका संघाला जास्तीत जास्त चार. पण संघाने स्वतः बाहेरून घेतलेला फ्री एजंट गेलेल्या खेळाडूला खोडतो. जायंट्सने जॉन रनियन ज्युनिअरसारखे खेळाडू घेतले, त्यामुळे बार्कलीचा वेगळा पिक मिळालाच नाही. ब्रायन बर्न्स ट्रेडने आला, त्यामुळे तो मोजला गेला नाही. ज्याला दुसऱ्या संघाने कापलेलं असतं तोही मोजला जात नाही, आणि ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर घेतलेलाही नाही. तुमचा संघ मार्चमध्ये हातावर हात ठेवून बसलाय आणि मेमध्ये अचानक तीन अनुभवी खेळाडू घेतोय, तर कारण बहुधा हेच असतं.

तो ९९ वा पिक पुढे क्वार्टरबॅक जॅक्सन डार्टसाठी २५ व्या क्रमांकावर चढताना ह्यूस्टनला दिला गेला, ३४ वा आणि २०२६ च्या तिसऱ्या फेरीचा पिक त्याच्या जोडीला. म्हणजे मॅकिनीचं काहीच मिळालं नाही असं नाही. पण रिकाम्या झालेल्या जागेसाठी आधी २०२४ मध्ये ४७ वा पिक टायलर न्यूबिनवर खर्च केला (हाच तो सिअॅटलचा पिक), आणि तेवढ्यानेही भागेना म्हणून मार्च २०२५ मध्ये जेव्हन हॉलंडला ३ वर्षांचे ४ कोटी ५३ लाख दिले. घरात असलेला २४ वर्षांचा सेफ्टी सोडून वर्षभराने बाजारातून सेफ्टी आणणं, हे मला या व्यवस्थापनाचं सगळ्यात कच्चं काम वाटतं.

स्वतः तपासायचं असेल तर ओव्हर द कॅप किंवा स्पॉटरॅकवर खेळाडूचं पान उघडा आणि एकूण रकमेकडे दुर्लक्ष करा. जोन्सचे १६ कोटी कागदावरच राहिले. वर्षवार तक्ता बघा: मूळ पगार, बोनसचा हप्ता, गॅरंटीड किती, कॅपचा आकडा, आणि त्या वर्षी सोडलं तर डेड मनी किती. ज्या वर्षी कॅपचा आकडा डेड मनीपेक्षा चांगलाच मोठा होतो, तिथे करार खरा संपतो. मग त्या वर्षी खेळाडूचं वय किती असेल ते बघा. एवढ्यावर 'चांगला की वाईट' याचा सत्तर टक्के निकाल लागतो. आणखी एक गोम: ऑफ-सीझनला रोस्टर (संघाची यादी) ९० जणांचा असला तरी कॅपमध्ये सगळ्यात महाग ५१ जणच धरले जातात. त्यामुळे ६० लाखांचा माणूस घेतला की ५१ वा बाहेर पडतो, आणि खरा भार त्याच्या आठ-दहा लाखांनी कमी असतो. हंगाम सुरू होताना मात्र सगळे मोजले जातात, शिवाय सराव संघातले १६ जण आणि जखमींच्या जागी येणारे. मार्चनंतर शिल्लक ठेवलेले ८०-९० लाख म्हणजे मालकाचा कंजूषपणा नव्हे, ते लागतातच. उरलेच तर पुढच्या वर्षात जातात.

ऑगस्टअखेरच्या ५३ जणांच्या यादीवर फार जीव टांगू नका. चार हंगाम पूर्ण झालेल्या खेळाडूला त्या वेळी वेव्हर्समधून (कापलेल्या खेळाडूला उचलायची इतर संघांना आधी संधी देणारी यादी) जावं लागत नाही, त्यामुळे संघ अशांना मंगळवारी कापतात आणि जागा झाली की बुधवारी परत घेतात. तिथे बघायचं ते तरुणांकडे. तिसऱ्या-चौथ्या फेरीतला पोरगा दुसऱ्या वर्षीच कापला गेला, तर तो ड्राफ्टचा खरा निकाल आहे.

जायंट्सबाबत यापुढे माझं लक्ष रिसीव्हर (फेकलेला चेंडू पकडणारा) मलिक नेबर्सच्या पाचव्या वर्षाच्या ऑप्शनवर आहे. त्याची मुदत मे २०२७ च्या सुरुवातीला येईल आणि डार्टच्या ऑप्शनची मे २०२८ मध्ये. हॉलंड आणि पॉलसन अडेबो यांचे तीन-तीन वर्षांचे करारही याच दोन वसंतांच्या मध्ये संपतात. नेबर्सचा मोठा करार डार्टच्या आधी, तो स्वस्तात खेळत असतानाच, व्हायला हवा. दोघांचे करार पुन्हा एकाच मार्चमध्ये आले, तर टॅग तेव्हाही एकच असेल.